खांब नको रे मधात

अंगणात चिंच फोडत बसले होते. हात कोपरापर्यंत चिकट आणि मोबाइल ओट्यावर वाजतोय. वाजू दिला. पुन्हा वाजला, तेव्हा चडफडत उठले, पदरानं बोटं पुसली आणि उचलला. पल्लवीचा होता, माझ्या भाचीचा. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी तिच्यावर खेकसलेच. म्हटलं, काहीही काय बोलतेस गं? कालच तर बोलणं झालं आमचं, वांग्याच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तुझ्या आईची तक्रार करत होता माझ्याकडं... तिनं तेच पुन्हा सांगितलं. मग मला कळलं. धानोऱ्याहून चंद्रपूर काही जवळ नाही, पण त्या दिवशीचा रस्ता मला आजही आठवत नाही. गाडीत बसले आणि उतरले, मधलं काही नाही.

मिलिंद, म्हणजे दादा, माझा थोरला भाऊ. चंद्रपूरला आर्किटेक्ट होता. सकाळचा चहा घेतला, पेपर हातात धरला आणि तसाच खुर्चीत मागे टेकला. त्याला आता सव्वा महिना होत आला. भेटायला येणारे लोक चांगलं बोलतात. त्यानं बांधलेल्या शाळा सांगतात, बंगले सांगतात, अमक्या डॉक्टरचा दवाखाना सांगतात. पेपरात फोटोखाली दोन ओळी आल्या, त्यातही तेच. मी माझी बसून ऐकते आणि आतल्या आत चिडते. अरे, त्या शाळा कोणीही बांधल्या असत्या! चार भिंती, वर स्लॅब, पुढं व्हरांडा. माझ्या भावानं जे एक छत वाकवलं, त्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणून मग मीच लिहायला बसले. मला लिहिता येतं की नाही ते माहीत नाही, टाइप मात्र बिनचूक येतं. आणि या गोष्टीत त्या टाइपिंगचाही थोडा वाटा आहे.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल शहराच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या मधोमध. बाबा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत होते. सागाच्या ओंडक्यावर नुसती थाप मारून आतून पोकळ आहे की भरीव, हे सांगणारा माणूस. माय धानाच्या रोवणीला जायची. आमच्या मायची एक गंमत होती, म्हणजे आम्हाला लहानपणी ती गंमत वाटायची. तिला पाढे सगळे तोंडपाठ. पावकी, निमकी, दिडकी, काय विचाराल ते. बाजारात दुकानदाराचा हिशेब होण्याआधी हिचा झालेला. आणि अक्षर म्हणाल तर एकही येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा नाही. मोठे झालो तेव्हा कळलं ते असं, की तिच्या लहानपणी आपल्या लोकांच्या पोरांना शाळेच्या ओसरीत बसवायचे आणि पोरी तर त्याहून मागं, खांबाआड. गुरुजींचा आवाज यायचा, फळा दिसायचा नाही. पाढे ऐकून येतात. अक्षर ऐकून येत नाही ना... ते डोळ्यानं पाहावं लागतं. तिनं हे कधी रडून सांगितलं नाही. धान पाखडता पाखडता सांगितलं, कालच्या भाजीबद्दल सांगावं तसं.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट असेल. गावातलं जुनं विहार म्हणजे कवेलूचं, कौलांचं छप्पर आणि खाली लाकडी खांबांची गर्दी. ते पाडून नवं बांधायचं विहाराच्या समितीनं ठरवलं. तिथंच संध्याकाळी पोरांचा अभ्यासवर्ग भरवायचा, समोरच्या भिंतीत फळा करायचा, असंही ठरलं. आणि नकाशा कोण काढणार? गावचा मुलगा नागपूरला शिकून आर्किटेक्ट झालेला, तोच काढणार. कोणी म्हणालं घुमट पाहिजे, कोणी म्हणालं कमान पाहिजे. दादानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, घरी आला आणि मायला विचारलं, "तुले काय पाह्यजे, माय?" ती चुलीपुढं होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "मले काय कळते त्यातलं, बाबू? फक्त खांब नको रे मधात." दादा जेवता जेवता थांबला. मी समोरच बसले होते. त्या दिवशी त्यानं दुसरी भाकर घेतली नाही.

आता मधात खांब नको म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं, नंतर रविवारी रविवारी कळत गेलं. तेवढा मोठा हॉल आणि आधार फक्त कडेला. सपाट स्लॅब टाकायचा तर जाड तुळया आल्या, लोखंड आलं, आणि ते गावाला झेपणारं नव्हतं. दादा म्हणाला, छत वाकवलं तर पातळ असूनही उभं राहतं. म्हटलं कसं? त्यानं अंगणातली सुतळीची खाट आडवी-तिडवी करून दाखवली. "हे पाह्य, तिचे तिरपे समोरासमोरचे दोन कोपरे उचलले आणि दोन तसेच खाली ठेवले असं धर. सुतळी एकही वाकत नाई, सगळ्या सरळच. पण विणलेलं अंग कसं वाकलं, दिसलं का?" दिसलं. बाबांना ते खाटेचं हाल करणं मुळीच आवडलं नाही, ती गोष्ट वेगळी. सरळ फळ्या तिरप्या तिरप्या लावत गेलं की वाकलेला साचा तयार होतो, म्हणजे गावचा मिस्त्रीही तो बांधू शकतो, असं दादाचं म्हणणं. फक्त कोणती फळी कुठं किती तिरपी, ते आधी ठरलं पाहिजे. कागदावर ते काढता काढता त्याचे डोळे शिणले. एक बाजू जमली की दुसरी बिघडायची.

तेव्हा दादा कोरपन्याकडं उभ्या राहणाऱ्या एका सिमेंट कारखान्याच्या नकाशाघरात नोकरी करत होता. तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्या यंत्राचे काय लाड, काय लाड! त्याला स्वतंत्र काचेची खोली, त्याला एसी, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आम्ही विहारात काढतो तशा. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर त्यात होतं आणि त्यात वाकडे आकारही उभे करता येतात, हे दादानं पुस्तक वाचून शोधून काढलेलं. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "संडे को मशीन खाली रहता है, बैठो. बस एसी बंद करके जाना." पण दादाला टाइप येत नव्हतं! कोंबडी दाणे टिपते तसा एका बोटानं एकेक अक्षर टिपायचा. मी मात्र चंद्रपूरच्या टायपिंग क्लासात मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झालेली आणि नोकरी मिळेपर्यंत तिथंच दादाकडं राहत होते. मग काय, दर रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघायचो, राजुऱ्याला गाडी बदलायची, डब्यात पोळी आणि मिरचीचा ठेचा. मी एसीत बसून कुडकुडत टाइप करायची आणि हा मागं उभा राहून आकडे सांगायचा. शाल घेऊन बसायचे मी, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात शाल!

काळा पडदा आणि हिरव्या रेषा. आधी चार कोपरे सांगायचे, प्रत्येक कोपरा लांबीला किती, रुंदीला किती, उंचीला किती. मग कोपऱ्यांमधून चार कडा. आणि मग त्या सॉफ्टवेअरला सांगायचं, बाबा रे, या चार कडांच्या मधे आता तू जाळं विण. कडा बरोबर असतील तर ते विणतं. आमच्या नव्हत्या. मी हुकूम टाइप करायची आणि कॉम्प्युटर इंग्रजीत उत्तर द्यायचा, त्याचा अर्थ असा, की कडा एकमेकीला लागत नाहीत. अरे, डोळ्यांना लागलेल्या दिसतायत! पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. मी तर हात जोडले. म्हटलं दादा, फोड हे खोकं आणि चल घरी. तो मात्र शांत. त्याचा हा शांतपणाच मला जन्मभर खटकला. मी भांडायला उभी राहायचे आणि समोर भांडायला कोणी नसायचं. तो म्हणाला, "मशीन खरं सांगून राह्यलं, शोभे. गावातला मिस्त्री फट दिसली की लिंपून घेते. हे लिंपत नाई." शेवटी त्यालाच सापडलं. गावात त्यानं टेपनं फुटात मोजलं होतं, त्याचे मीटर करताना दशांशाचं शेपूट उरायचं. तेच शेपूट एका कडेच्या वेळी त्यानं तोडलं आणि दुसऱ्या कडेच्या वेळी ठेवलं. म्हणून एकाच कोपऱ्याचे दोन कोपरे झाले, मधे केसाएवढी फट. उपाय साधाच निघाला. कोपरा एकदाच सांगायचा आणि दोन्ही कडांनी तोच वाटून घ्यायचा. तसं केलं आणि बाप्पा! पडद्यावर रेघ रेघ करत जाळं विणलं जायला लागलं. एकेक रेघ सरळ, आणि सगळी मिळून वाकलेली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दादा नुसता हसत होता. तेवढ्यात लाइन गेली आणि सगळं गेलं. पण आता आम्हाला कसं करायचं ते माहीत झालं होतं.

त्यापुढचा प्रकार तर मी कोणाला सांगितला तर लोक हसतील. एका सुटीत गावी गेलो तेव्हा दादा हातात टेप घेऊन मायपाशी आला. "माय, खाली बस बरं. मांडी घालून."

"काऊन? जेवाले वाढू का?"

"बस तं खरी."

ती बसली. यानं टेपचं टोक जमिनीला लावलं आणि तिच्या डोळ्यापर्यंत नेलं. माय हसायलाच लागली. "हे कायचं माप घेऊन राह्यला रे? झंपर शिवून राह्यला का मायचा?"

"डोळ्याचं."

"चष्मा-बिष्मा नाई पाह्यजे मले. दिसते मले."

"मालूम आहे मले," तो म्हणाला, आणि ते माप त्यानं हातावरच लिहून घेतलं. पुढच्या रविवारी काचेच्या खोलीत त्यानं मला ते सांगितलं. त्या सॉफ्टवेअरला आपला डोळा कुठं आहे तेही सांगता यायचं, म्हणजे तिथून कसं दिसेल ते ते काढून दाखवायचं. कारखान्यातले सगळे लोक उंचावरून पाहायचे, घारीसारखं, म्हणजे नकाशा रुबाबदार दिसतो. दादानं डोळा ठेवला तो मांडी घालून बसलेल्या मायच्या उंचीवर. एकदा दाराजवळ, एकदा भिंतीला टेकून, एकदा अगदी मागच्या कोपऱ्यात. प्रत्येक जागेवरून समोरचा फळा पूर्ण दिसतो का ते पाहायचं. मागच्या रेषा लपवायला सांगितल्या की त्या यंत्राला इतका वेळ लागायचा की आम्ही बाहेर येऊन, चपला घालून, टपरीवर चहा पिऊन, परत चपला काढून आत यायचो, तरी ते आपलं लपवतच असायचं. एका बाजूच्या कोपऱ्यातून पाहिलं की छताची खाली आलेली कड फळ्याच्या टोकाला आडवी यायची. टोकालाच, फार नाही. मी म्हटलं, अरे एवढ्याशानं काय होते? त्या कोपऱ्यात कोण बसणार आहे? तो म्हणाला, "कोणी ना कोणी बसनच ना, शोभे." मग कोपरा वर घ्यायचा, म्हणजे कडा पुन्हा, जाळं पुन्हा, चहा पुन्हा. किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, आणखी एक रविवार मिळाला तर शाल घेऊन धावत जाईन.

नागपूरच्या त्याच्या सरांनी हिशेब तपासून दिला आणि दादा लांबलचक कागद घेऊन गावात आला. लोकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे तं सूप हाय," एक म्हातारा म्हणाला. "बिना खांबाचं उभं राहीन का?" "यावर वांदरं घसरगुंडी खेळन ना भाऊ!" यावर सगळे खूप हसले. दादाही हसला. त्यानं सगळ्यांना उत्तरं दिली आणि लोकांनी हो म्हटलं, कळलं म्हणून नाही, आपला पोरगा आहे म्हणून. बाबा एका बाजूला बसले होते. ते हसले नाहीत. ज्या माणसानं जन्मभर लाकूड पाहिलं, त्याच्या डोक्यात छत म्हणजे खाली खांब. पोरावर विश्वास नव्हता असं नाही. पोराची काळजी होती. छत पडलं तर गाव काय म्हणेल, आणि खाली कोणाची लेकरं असतील...

हिवाळ्यात धान निघाल्यावर काम सुरू झालं. खाली बल्ल्यांचं, टेकूच्या लाकडांचं रान उभं केलं, त्यावर कागदावरच्या रेषेप्रमाणं एकेक सरळ फळी, आणि खरंच तो साचा वाकला. गाव पाहायला लोटलं. छत ओतलं, दिवसच्या दिवस पाणी मारलं. पुढं बल्ल्या काढायच्या वेळेला नेमकी दादाला सुटी मिळाली नाही. त्यानं निरोप पाठवला, मधल्या आधी काढा, कडेच्या शेवटी. त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि दादा उभाच राहिला. बल्ल्या सगळ्या निघाल्या होत्या. एक सोडून. ती हॉलच्या बरोबर मधात. बल्ली कसली, अस्सल सागाचा खांब, रंधा मारून गुळगुळीत केलेला, खाली खड्डा करून पक्का गाडलेला. आणि समितीच्या पोरांनी त्याला निळा रंगसुद्धा देऊन टाकला होता! उद्घाटन वैशाख पौर्णिमेला, म्हणजे पुढच्याच आठवड्यात. हॉल सजायला नको का?

खांब बाबांनी लावला होता, डेपोतून निवडून आणून. मी तर तिथंच तोंड सोडलं. म्हटलं, बाबा, आमचे सगळे रविवार मातीत घातले तुम्ही! दादानं मला हातानं थांबवलं. म्हणाला, "बाबा, हे छत सगळं अंग मिळून ओझं वाहते. मधात एका जागी टेका दिला तं तिथीच चीर पडन."

"टेका देल्ल्यानं पडते?" बाबा म्हणाले. "उलटीच गोष्ट सांगतं तू तं."

"उलटी आहे, पण खरी आहे."

बाबांनी बराच वेळ वर पाहिलं. मग घरी गेले, करवत घेऊन आले, बांधकामाच्या लाकडी घोडीवर चढले आणि खांबाचा माथा कापायला लागले. बोटभर कापला. खाली उतरून म्हणाले, "आता टेकत नाई ना? मंग राहू दे. तुयं छत तुयं राहीन, मायावाला खांब मायावाला. आलं खाली तं झेलन." आणि करवत खांद्यावर टाकून निघून गेले. छताला न टेकणारा खांब! जगात असा खांब कोणी पाहिला नसेल. मी कपाळावर हात मारून घेतला. दादा म्हणाला, "राहू दे, शोभे. त्यायले झोप लागत नसन." पण त्याचं तोंड मी पाहिलं होतं. बाबांचं मन मोडायचं, की मायनं मागितलेली ती एक गोष्ट मोडू द्यायची... त्या आठवड्यात तो नीट जेवला नाही. मला म्हणाला, मायला सांगू नको मी काही बोललो म्हणून.

पौर्णिमेला गाव पांढऱ्या कपड्यांत आलं. भंतेजी आले, वंदना झाली. मग समितीच्या मास्तरांचं भाषण सुरू झालं आणि ते फळ्यावर विहाराचं नाव लिहायला वळले. नव्या फळ्यावरचं पहिलं अक्षर. मी बायकांच्या बाजूला होते आणि मायला शोधत होते. तिची जागा पुढं राखून ठेवली होती, आर्किटेक्टची आई म्हणून. तिथं ती नव्हती. पाहते तर ती खांबाच्या मागं. बरोबर मागं. एवढा हॉल मोकळा पडलेला, आणि ही बाई जाऊन बसली ती त्या निळ्या खांबाआड. मास्तर खडूनं अक्षर काढतायत आणि ही डाव्या बाजूनं वाकून पाहते, मग उजव्या बाजूनं वाकून पाहते. वाचता तर तिला येणार नव्हतंच. पण पाहायचं होतं. दाराशी उभ्या असलेल्या दादानंही पाहिलं. आणि पुरुषांच्या बाजूनं बाबांनी पाहिलं. ते पाहतच राहिले. मायनं पुन्हा एकदा मान वाकवली, तसे बाबा उठले. भाषण चालू होतं, मास्तर बोलता बोलता थांबले. बाबांनी कोणाकडं पाहिलं नाही. खांबापाशी आले, त्याला मिठीत धरला आणि हलवायला लागले. "धरा रे," म्हणाले. चार माणसं उठली. खालची माती अजून कच्चीच होती, खांब डुलला, सुटला, आणि त्यांनी तो आडवा करून सगळ्यांच्या डोक्यावरून बाहेर नेला. कोणी वर पाहत होतं, कोणी जीव मुठीत धरून बसलं होतं. छत आपलं होतं तसंच होतं. मास्तरांनी पुढचं अक्षर काढलं. माय जागची हलली नाही, फक्त आता तिला वाकावं लागत नव्हतं.

दादा माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "शोभे, तिच्या डोळ्याचं माप बरोबर घेतलं होतं आपण." मी संध्याकाळी मायला विचारलं, तू मुद्दाम बसलीस ना तिथं? ती भांडी घासत होती. "मुद्दाम कायचं? जागा दिसली, बसली." पुढं किती वर्षं विचारलं तरी तिचं उत्तर हेच. बाबांनी तो खांब गोठ्याला लावला.

त्यानंतर दादानं नोकरी सोडली, स्वतःचं ऑफिस टाकलं. मी लग्न होऊन धानोऱ्याला आले. माय गेली, बाबा गेले. दादानं पुष्कळ बांधलं, पण असं छत पुन्हा त्याला कोणी मागितलं नाही. लोकांना स्लॅब हवा असतो, वर पाण्याची टाकी ठेवता येते. त्याला त्याचं वाईट वाटायचं का? मी एकदा विचारलं तर म्हणाला, "नाई. मागणारी बाई एकच होती." पल्लवीही आता आर्किटेक्ट आहे. तिच्या लॅपटॉपवर ती बोटानं छत असं ओढते, असं दाबते, आणि वाकलेले आकार पिठाच्या गोळ्यासारखे होत जातात. आम्ही महिनोन् महिने जे केलं ते ती चहा थंड व्हायच्या आत करते. दिवाळीला दादा तिच्या मागं उभा राहून पाहत होता. मला वाटलं, हरखेल. म्हणाला, "लय सुंदर आहे बेटा. पण हे तू उडून पाहून राह्यली. माणूस उडत नाई येत, चपला काढून येते आणि खाली बसते. आता जरा खाली बसून दाखव." पल्लवी वैतागली, आणि मग तिनं डोळा खाली आणला. बाप-लेक नंतर बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून होते. मी स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली, तरी उठले नाहीत.

गावानं त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम विहारातच ठेवला. मी तोवर रडले नव्हते. कोणाला खोटं वाटेल, पण नाहीच रडले. वहिनीला सांभाळायचं होतं, पल्लवीला सांभाळायचं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. आणि माझा स्वभाव असा, चारचौघांत डोळ्याला पदर लावणं मला जमत नाही. समोर फळ्याखाली टेबलावर दादाचा फोटो ठेवला होता, हार घालून. मला त्याच्याकडं पाहायचं नव्हतं. म्हटलं, कुठंतरी मागं बसू, कोणाच्या नजरेला पडणार नाही असं. भिंतीशी बसले. तो समोर. उठून दाराजवळ गेले, तिथंही तो समोर. लोक म्हणाले असतील, ही बाई एका जागी का बसत नाही. मग त्या मागच्या कोपऱ्यात गेले, जिथं कोण बसणार आहे असं मी एकदा त्याला म्हटलं होतं. खाली बसले, मांडी घातली, मान वर केली. पूर्ण दिसत होता. हार, चष्मा, तो हसरा शांतपणा, सगळं. नुसता आडोसा पाहिजे होता मला, तोंड लपवून रडायला, हातभर सावलीचा. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक खांब नाही! मेल्या दादा, एक तरी ठेवायचा होतास रे... मग मी तिथंच, सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं रडले.